‘बघू’चा ढीग : निसर्ग वादळानंतर घर आणि वाडी आवरताना

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. आमच्या वाडीतला शेवटचा आडवा माड फोडून झाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधले साडेआठ महिने आम्ही काय केलं, तर पडलेलं आवरलं. वादळ कसं होतं हे सगळ्यांनी सांगून झालंय. मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवसापासूनचं, कारण ४ जूनला सकाळी पडवीत उभी राहून मला एवढंच कळत नव्हतं की यातलं पहिल्यांदा उचलायचं काय. विचारायला कोणी नव्हतं. ज्याच्या त्याच्या घराचं छप्पर उडालेलं, आणि मोबाईलला रेंज नाही.

मी ठाण्याची, नोकरीही तिथलीच. पाडव्याला म्हणून मार्चमध्ये श्रीवर्धन तालुक्यात सासरी आलो आणि लॉकडाऊनमुळे तिथेच अडकलो. घरात आई (सासूबाई), अण्णा (सासरे), नवरा आणि मी. घर जुनं चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. पडवी आणि गोठा यांच्यावर सिमेंटचे पत्रे. मागे २२ गुंठ्यांची वाडी. तिच्यात २८६ पोफळी (सुपारीची झाडं), ३१ माड, ४ जायफळं, हापूसची २ कलमं आणि पडवीला खेटून एक कापा फणस. हे आकडे मला तेव्हा माहीत नव्हते. अण्णांना तोंडपाठ होते.

साडेबारा ते अडीच असे दोन तास आम्ही माजघरात बसून होतो. वारा पडल्यावर मागचं दार उघडलं तर समोर समुद्र दिसला. या घरात मी लग्न होऊन आले त्याला अकरा वर्षं झाली होती, मागच्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता. अण्णा दारातच बसले आणि बोटं मोडत काहीतरी मोजायला लागले. २१९ पोफळी आडव्या. १२ माड, त्यातले ५ मुळासकट आणि ७ मधोमध मोडलेले. फणस पडवीवर.

पहिली चूक मी पहिल्याच सकाळी केली. पडवीत पत्र्यांच्या चिपा नि भुगा पडला होता, तो खराटा घेऊन झाडायला घेतला. कोरडा. धूळ नाकातोंडात गेली. सिमेंटच्या पत्र्यात ॲसबेस्टॉस असतं, आणि ते धड असेपर्यंत निमूट असतं. फोडलं, घासलं, झाडलं की त्याचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात, हे मी कधीतरी वाचलेलं होतं. पण हातात खराटा आला की डोकं चालत नाही. नवऱ्याने ओरडून थांबवलं. मग विहिरीचं पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने पुसून भुगा पोत्यात भरला, फडकंही त्याच पोत्यात टाकलं. हे आधीच केलं पाहिजे होतं.

दुसरं काम म्हणजे तारा. आमच्या बेड्यापाशी (वाडीत शिरायच्या तोंडाशी) विजेचा खांब आडवा होता आणि तार हापूसच्या कलमातून गेलेली. लाईट गेली आहे म्हणून तार मेलेली आहे असं समजू नका. गावात कोणी जनरेटर लावला आणि जोडणीत घोटाळा असला तर उलटा प्रवाह येऊ शकतो. आम्ही मीटरखालचा मेन स्विच पाडला आणि त्या कलमाला लाल लुगड्याची चिंधी बांधून ठेवली. तार काढायला माणसं आली तोवर त्या कोपऱ्यात कोणी पाऊल टाकलं नाही.

५ जूनला वटपौर्णिमा होती. गावातला वड आडवा झाला होता. आई आणि शेजारच्या दोघी गेल्या आणि आडव्या वडालाच सूत गुंडाळून आल्या. फेरे घालता येईनात, मध्ये मोडलेल्या फांद्या, म्हणून जागच्या जागी सात वेळा फिरल्या. त्याच संध्याकाळी सेलवरच्या रेडिओवर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रायगडला तातडीची १०० कोटींची मदत जाहीर केल्याचं ऐकलं. अण्णा म्हणाले, “म्हणजे पंचनामा होणार. कशाला हात लावू नका.”

इथे पहिला मोठा पेच. पंचनामा होईपर्यंत पडलेलं तसंच ठेवावं लागतं, नाहीतर दाखवणार काय? आणि पाऊस तर डोक्यावर. घरावरची अर्धी कौलं गेलेली. आम्ही मार्ग काढला तो असा : आधी फोटो, मग फक्त छपरापुरती हालचाल, बाकी वाडी जशीच्या तशी. माझ्या मोबाईलमध्ये ३१ टक्के चार्जिंग होतं. विमान मोड लावून ६० फोटो काढले. प्रत्येक खोलीचे चार कोपरे, वरचं छप्पर, बाहेरून घराच्या चारी बाजू. मोजपट्टी धरून उभा नवरा, म्हणजे भगदाड केवढं ते कळावं. चार्जिंगला नंतर बाजारातल्या जनरेटरवर मोबाईलमागे २० रुपये द्यावे लागत आणि तासभर रांगेत थांबावं लागे, मास्क लावून.

वाडीतल्या पोफळींवर नंबर घालायचं अण्णांनी ठरवलं, मोजणीत वाद नको म्हणून. देव्हाऱ्याखालच्या डब्यात गेरू होता. सकाळभर वाकून मी आणि त्यांनी २१९ बुंध्यांवर आकडे काढले. रात्री पाऊस आला आणि सकाळी सगळ्या पोफळी नुसत्या लालसर. मग फाटक रंगवून उरलेला ऑइलपेंट शोधला, डबा अर्धा सुकलेला, त्यात रॉकेल घालून पुन्हा २१९. कंबर धरली ती गणपतीपर्यंत सुटली नाही. नंबर घालायचे तर ऑइलपेंटनेच घाला.

पंचनामे दोन असतात, हे मला माहीत नव्हतं. घराचा वेगळा, वाडीचा वेगळा. घराला लागली घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स. वाडीला सातबारा आणि ८ अ. झेरॉक्स कुठून आणणार, वीज नाही! श्रीवर्धनच्या बाजारात एक दुकानदार जनरेटरवर पानाला ५ रुपये घेत होता. दोन वेळा हेलपाटा झाला. सांगायचं म्हणजे या कागदांचे दोन-दोन संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यात ठेवून द्या, मे महिन्यातच.

१० जूनला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्रच आले. तिघेही चार दिवस झोपलेले नसावेत. तलाठ्यांच्या चपलेचा अंगठा तुटून सुतळीने बांधलेला होता. घर ‘अंशतः नुकसान’ असं धरलं. वाडीत आमचे नंबर बघून कृषी सहायक हसले आणि म्हणाले, “काका, असं सगळ्यांनी केलं तर माझं काम अर्धं होईल.” अडलं ते सातबाऱ्यावर. आमच्या सातबाऱ्यावर सात नावं. दोन मुंबईत, एक नालासोपाऱ्यात, एक चुलत आत्या वारलेल्या आणि त्यांचे वारस लागलेले नाहीत. पैसे एका खात्यात यायला बाकीच्यांची संमती लागते. ती संमतीपत्रं व्हॉट्सॲपवर फिरून, सह्या होऊन, कुरियर चालू झाल्यावर कागदावर येईपर्यंत सप्टेंबर उजाडला. कोकणात ज्यांची वाडी आहे त्यांना मी वेगळं काय सांगू.

हिशेब इथेच सांगून टाकते. फळबागेला शासनाने हेक्टरी ५०,००० रुपये ठरवले, म्हणजे गुंठ्याला ५००. आमचे २२ गुंठे, ११,००० रुपये. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. घराचे १५,००० जुलैत आले.

आता मुख्य गोष्ट. ८ जूनला, म्हणजे पंचनाम्याच्या दोन दिवस आधी, गावचा रस्ता मोकळा करायला जेसीबी आला. रस्ता मोकळा होणं गरजेचंच होतं, आजारी माणसं होती. पण त्याने रस्त्यावरचं सगळं लोटून आमच्या बेड्याच्या बाजूला गडग्याला (दगडी कुंपणाला) लावलं. पुरुषभर उंच ढीग. त्यात वडाच्या फांद्या, आमची नि शेजाऱ्यांची कौलं, सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे, विजेच्या तारा, कोणाच्या तरी खिडकीच्या काचा, एक फ्रीजचं दार, आणि सगळ्याला बांधून ठेवायला लाल माती. पाऊस पडला तशी ती माती बसली आणि ढीग घट्ट झाला. घर आणि पडवी आम्ही तिघांनी आठ दिवसांत निवडली. हा एक ढीग निवडायला तीन गड्यांना सहा दिवस लागले. पाला वेगळा असता तर त्याचं खत झालं असतं, कौलं वेगळी असती तर निम्मी वापरात आली असती. एकदा काच नि पत्रा आत गेला की पाल्यालाही हात लावता येत नाही. म्हणून जेसीबी येतोय असं कळलं तर आदल्या दिवशी आपल्या दारासमोरचं तरी हाताने बाजूला करून ठेवा. चालकाला दोष देत नाही, त्याला तासाचे पैसे मिळतात.

११ जूनला मोसमी पाऊस हर्णैला पोचल्याची बातमी आली. हर्णै म्हणजे बाणकोटच्या खाडीपलीकडे, आमच्यापासून काही फार लांब नाही. एरवी दीड हजाराला मिळणारी ताडपत्री साडेतीन हजारांना घेतली, दोन घेतल्या. वर ओढायला पडलेल्या पोफळींच्याच काठ्या वापरल्या. नंबर असलेल्या. आमच्या छपरावर १७, १८ आणि ४३ होत्या.

मग निवडून वेगवेगळे ढीग करायला सुरुवात केली. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायला सांगितले होते, ते ठाण्याच्या सोसायटीत मी रोज करतेच. इथे ते पुरेना. आम्ही खळ्यात चुन्याने रेघा मारल्या. एकीकडे लाकूड नि पाला, दुसरीकडे कौलं, चिरे, माती. तिसरीकडे लोखंड, पत्रा, तारा. आणि विहिरीपासून सगळ्यात लांब, गोठ्याच्या मागे, धोक्याचं : सिमेंट पत्र्याचे तुकडे, ट्यूबलाइटी, बल्ब, अण्णांची जुनी फवारणीची औषधं, भिजलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, इन्व्हर्टरची फुटलेली बॅटरी.

आईंनी पाचवा ढीग काढला. त्याला नाव नव्हतं. कुठलीही वस्तू हातात घेऊन “ही टाकायची का?” विचारलं की त्या म्हणत, “ठेव तिकडे, बघू.” तीन दिवसांत ‘बघू’ सगळ्यांत मोठा झाला. बिनकानाची कढई, शिंक्याची कडी, दिव्याची काच गेलेला कंदील, एकच पाय असलेला पाट, कोने (आढ्यावरची कौलं असतात ती) चिरलेले पण तुटलेले नाहीत असे. मी चिडत होते. एका दुपारी मी त्यांना न विचारता त्यातला एक लाकडी खोका लोखंडाकडे नेऊन उपडा केला, खिळे काढायला. त्यातून फक्त चिखल आणि अडकित्ता पडला. पितळी, घोड्याच्या आकाराचा, पातं झिजून कागदासारखं झालेलं. आई आल्या, तो उचलून पदराला पुसला, दोनदा उघडमीट करून बघितला. “सासूबाईंचा,” म्हणाल्या, आणि परत ‘बघू’मध्ये ठेवला. कमरेला खोचला नाही की घरात नेला नाही. मी त्यानंतर त्या ढिगाला हात लावला नाही.

घरात वयस्कर माणसं असतील तर हा पाचवा ढीग धरूनच चला. जागा ठेवा त्याला, वर ताडपत्री घाला. वाद घालण्यात जो वेळ जातो त्यात बाकीचे चार ढीग होतात.

लाकडाचं काम आपण करायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. गावातली माणसं आपापल्या घरात गुंतलेली. १५ जूनला घाटावरून कटर मशीनवाल्यांची टोळी आली. दिवसाला अडीच हजार, पेट्रोल त्यांचं, जेवण आमचं. पाच दिवस काम चाललं. त्यांचा म्होरक्या खोडाला हात लावायच्या आधी त्यावर पाय ठेवून दाबून बघायचा. एका वाकलेल्या पोफळीजवळ मी गेले तर म्हणाला, “वैनी, लांब राहा, ही अजून जिवंत आहे.” मला वाटलं झाड जगेल म्हणतोय. त्याने वरून कापलं आणि बुंधा असा उसळून उभा राहिला की मी होते तिथे असते तर हनुवटी गेली असती. एकावर एक पडलेल्या झाडांत ताण असतो. कोयता घेऊन स्वतः कापायला जाऊ नका, यूट्यूब बघून तर नकोच.

साप दोन निघाले. एक धामण, तिला जाऊ दिलं. एक फुरसं, विटकरी मातीत अजिबात न दिसणारं, कौलांच्या चळतीखाली. विंचू तर रोजचे. म्हणून ढिगात हात घालायचा नाही, आधी लांब काठीने हलवायचं, गमबूट घालायचे. आमच्या भागात लाल विंचवाची भीती जुनी आहे. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुळवला, त्याआधी माणसं जायची. आम्ही दोघांनी धनुर्वाताचं इंजेक्शन आरोग्य केंद्रात पहिल्याच आठवड्यात घेतलं होतं. चिखलात पायाला जखम असेल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप) गोळीबद्दलही तिथेच विचारा, तापाची वाट बघू नका. त्या दिवसांत ताप म्हटलं की सगळे करोनाच म्हणायचे.

कापलेल्या लाकडाचं काय झालं ते सांगते. पोफळी उभ्या चिरून रिपा आणि कुंपणाच्या काठ्या झाल्या, त्यातल्या शंभरेक काठ्या गावात वाटल्या. सगळ्यांकडेच होत्या म्हणा. फणसाचा सोट सोन्यासारखा पिवळा निघाला, तो पडवीच्या नव्या वाशांसाठी ठेवला. एक व्यापारी फणस आणि आंबा दोन्ही घ्यायला आला होता. आंबा, फणस ही झाडं अनुसूचित आहेत, लाकूड गाडीत घालून बाहेर न्यायचं तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो, मग झाड वादळाने का पडलेलं असेना. तो म्हणाला, “ते माझ्यावर सोडा.” आम्ही सोडलं नाही. लाकूड राहिलं, आंब्याचं सरपण झालं.

झावळ्यांचे हीर काढून आईंनी आणि शेजारच्या काकूंनी पावसाळाभर खराटे बांधले. उरलेली चुडतं आणि पाला कोयत्याने तुकडे करून झाडांच्या आळ्यांत पसरला. जाळायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. ठरवलं नसतं तरी जळलं नसतं, ओलंकच्च होतं सगळं. वरच्या आळीत एकांनी टायर घालून पेटवलं. ढिगात सिमेंटचा पत्रा होता, तो तापून फटाक्यासारखा फुटला आणि कपच्या अंगणभर. कोणाला लागलं नाही हे नशीब. काहींनी रात्री खाडीकडे नेऊन टाकलं. तिथे कांदळवन आहे, त्यात भराव टाकणं गुन्हा आहे, आणि भरतीला ते सगळं परत गावातच येतं. आलंही.

कौलांपैकी धड निघाली ती ९०० च्या आसपास. प्रत्येकावर टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत चीर. हे काम अण्णांनी एकट्याने केलं, खुर्ची टाकून, चार दिवस. त्यांना तेवढंच बरं वाटत होतं. फुटकी कौलं नि चिऱ्यांचा चुरा पाखाडीचे (गावातल्या दगडी वाटेचे) खड्डे भरायला गेला. ग्रामपंचायतीने जागा सांगितली, टेम्पो आम्ही केला, चार फेऱ्या, फेरीला १,५००. माती आणि प्लास्टिक निवडून काढलं होतं म्हणूनच त्यांनी घेतलं. एका घरचं मिसळलेलं म्हणून परत पाठवलं.

भंगारवाला जूनच्या शेवटी आला. तोवर दोन जण “आता काय भाव नाही” म्हणत किलोला ८ रुपयांनी मागून गेले होते. आम्ही थांबलो. १८ रुपयांनी १८० किलो गेलं, ३,२४० आले. तांब्याच्या तारा वेगळ्या सोलून ठेवल्या तर भाव निराळा मिळतो. विजेच्या खांबाच्या तारा मात्र विकू नका, त्या आपल्या नाहीत. इन्व्हर्टरची बॅटरी भंगारात दिली नाही. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो, तशी दिली आणि २,२०० वजा झाले. आम्लाचं पाणी सांडलं होतं तिथे आधी खाण्याचा सोडा टाकला, फेस येईनासा होईस्तोवर.

गाद्यांचं मात्र काही जमलं नाही. सहा गाद्या पाणी पिऊन इतक्या जड झाल्या होत्या की एकेक उचलायला तिघं लागत. उसवून कापूस वाळत घालावा तर ऊनच नाही. दोनच वाचल्या. बाकीच्यांचा कापूस काळा पडला, वास सुटला, तो खड्ड्यात गेला. पहिल्या दोन दिवसांतच उसवल्या असत्या तर कदाचित चौथ्या-पाचव्या दिवशीच्या उन्हात निभावलं असतं. आम्ही त्या वेळी फोटो नि नंबरांच्या मागे होतो. मऊ वस्तू आधी, बाकीचं थांबू शकतं.

धोक्याचा ढीग शेवटपर्यंत राहिला. औषधं नि ट्यूबा खोक्यात भरून, वर चिठ्ठी लावून, नवरा सप्टेंबरमध्ये ठाण्याला घेऊन गेला, तिथे वेगळ्या दिल्या. पत्र्याच्या तुकड्यांची सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत, दुहेरी, ओली करून ११ पोती झाली. घातक कचऱ्याची व्यवस्था आपल्याच जिल्ह्यात तळोज्याला आहे, पण एका घराची ११ पोती तिथवर कोण नेणार आणि कोणत्या कागदावर? तीन ठिकाणी विचारलं. एका कार्यालयात “पुरून टाका” म्हणाले, एकात “हा कचरा नाही, बांधकाम साहित्य आहे” म्हणाले, तिसरीकडे फोन उचलला नाही. शेवटी विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला जेसीबीने सहा फूट खड्डा घेतला, पोती न फोडता ठेवली, वर प्लास्टिक आणि माती. हे आदर्श नाही, मला कल्पना आहे. आम्हाला जमलं ते हे. नव्या पडवीवर मात्र कौलंच घातली.

गणपती २२ ऑगस्टला होते. तोवर ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर कोरडं झालं, वीज जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आली होती. मुंबईहून कोणी आलं नाही त्या वर्षी. माटवी (गणपतीच्या वर टांगायची चौकट) बांधायला आपल्या वाडीतली एकही ओली सुपारी नव्हती, शेजारून आणली.

खर्च लिहून ठेवला होता तो असा : कटर १२,५००, गडी २१,०००, जेसीबी ३,६००, टेम्पो ६,०००, ताडपत्र्या-गोण्या-गमबूट मिळून ९,०००. एकूण ५२,१००, तेही नुसतं आवरायचे. छपराचा खर्च वेगळा.

राहता राहिले माड. पोफळी लवकर कुजून जातात, माडाचं तसं नाही. पावसाळ्यात आम्ही ते तसेच पडू दिले. दोन चांगले सोट वहाळावर साकव (छोटा पूल) टाकायला गेले, बाकीचे दहा होते तिथेच. दिवाळीनंतर कृषी सहायक आले होते, ते म्हणाले, कुजक्या माडात गेंडा भुंगा अंडी घालतो आणि मग उभे आहेत त्या माडांचे सुळके (शेंड्याचे कोवळे कोंब) खातो. आमचे १९ उभे होते. म्हणून जानेवारीपासून एकेक माड फोडायला घेतला. फोडला की आत पांढऱ्या, बोटाएवढ्या, वळून बसलेल्या अळ्या. एकेका सोटात तीस-चाळीस. शेजारच्या कोंबड्या पहिल्या दिवशी बिचकल्या, तिसऱ्या दिवशी करवतीचा आवाज ऐकून गडग्यावर येऊन बसायला लागल्या. फोडलेलं लाकूड उन्हात सुकवून चुलीला लावलं. पडला माड त्याच पावसाच्या आधी फोडता आला तर फोडा, आम्ही आठ महिने भुंग्यांना पाळलं.

फेब्रुवारीत शेवटचा झाला. त्या दुपारी आई ‘बघू’ची ताडपत्री बाजूला करून काहीतरी शोधत होत्या. मला वाटलं अडकित्ता. त्यांनी चिरलेले कोने काढले, मोजून बारा, आणि वाडीत घेऊन गेल्या. अण्णांनी डिसेंबरमध्ये पोफळीची रोपं लावली होती, केळींच्या सावलीत. जिथे केळ अजून बुटकी होती तिथे पश्चिमेच्या अंगाला त्यांनी एकेक कोना रोपाशी उभा रोवला, उन्हाची तिरीप अडायला. बारा कमी पडले.

“तिकडे अजून आहेत का गं?” त्यांनी विचारलं.

“बघते,” मी म्हटलं.